वाल्बुर्गाच्या सोळा खोल्या

आमच्या संग्रहाच्या सूचीत ‘शिख्ता’ या खेळापुढे चार शब्द आहेत: प्रत संपूर्ण, बदल नाही. ते मी लिहिले आहेत आणि त्याखाली माझी सही आहे. विद्वत्तेचा एक खास दुर्गुण असा की चूक करतानाही तिची वाक्यरचना निर्दोष असते.

शिख्ता म्हणजे खाणीतली पाळी. बितोम शहराच्या कडेला असलेल्या वाल्बुर्गा खाणीत एवाल्ड पिरेक नावाचा भूमापक होता. खाणीच्या पोटातले बोगदे मोजून त्यांचे नकाशे काढणे हे त्याचे काम. १९८७ साली त्याने घरच्या कॉम्प्युटरसाठी हा खेळ लिहिला. खेळणाऱ्याने तीन पातळ्या उतरून जायचे, हरवलेला सोबती शोधायचा आणि दिव्यातले तेल संपण्याआधी वर यायचे. खेळ दुकानात कधी आला नाही. त्या वर्षांत आमच्याकडचे बहुतेक खेळ असेच पसरले: एका कॅसेटवरून दुसरीवर, रविवारच्या कॉम्प्युटर-बाजारात, शाळेच्या व्यायामशाळेत मांडलेल्या टेबलांवरून. आमच्या संस्थेने अशा नऊशे खेळांच्या प्रती जमवल्या, स्वच्छ केल्या, जतन केल्या. या कामाचे कौतुक करणारी भाषणे मी ऐकली आहेत. त्यांतली दोन मीच केली होती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी एवाल्डची विधवा हिल्डा पिरेक हिचा फोन आला. आधी तिने विचारले, सूचीखाली सही असलेली ती बाई मीच का. मी हो म्हटले.

“मग मला सांगा, बाई, तिसऱ्या पातळीवर माझ्या घराखाली काय आहे?”

मी तिला सविस्तर बोलू दिले. ती राहते त्या झ्वीरोवा रस्त्यावर खाणीने शंभर वर्षांपूर्वी बांधलेली लाल विटांची वसाहत आहे. एका बाजूला ओळीने बारा घरे, सगळे विषम नंबर, चाळीसेक कुटुंबे. खाण बंद होऊन वीस वर्षे झाली. जानेवारीत तिच्या स्वयंपाकघराचे दार चौकटीत अडकू लागले. मग शिडीसारखी चढत जाणारी एक भेग जिन्याच्या भिंतीवर उमटली. आणि दहा दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, घरामागच्या बागेत शेजाऱ्याचा कबुतरखाना जमिनीत गेला. आवाज फारसा झाला नाही, ती म्हणाली, ओल्या पोत्यावर बसल्यासारखा. कबुतरे तेव्हा हवेत होती. एकतीस पक्षी दुपारपर्यंत त्या खड्ड्यावर घिरट्या घालत राहिले. उतरायला छप्पर नव्हते.

बंद खाणींची देखरेख करणाऱ्या कार्यालयातून माणसे आली. त्यांनी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, पट्टी तडकली तर कळवा म्हणाले, आणि खड्डा पावसाच्या पाण्याने झाला असे लिहून गेले. वसाहतीखाली काळजीचे काही नाही. घरे खचू नयेत म्हणून तिथला कोळसा खाणीने मुद्दाम हात न लावता ठेवला आहे. सत्त्याऐंशी सालचा शिक्क्याचा नकाशा तसे सांगतो.

त्या नकाशावर भूमापक म्हणून एवाल्ड पिरेकची सही होती. आणि एवाल्ड पिरेकने गेल्या वर्षी, मरण्याच्या आठवड्यात, इस्पितळाच्या खाटेवरून बायकोला सांगितले होते की नकाशा खोटा आहे, खरा आपण खेळात ठेवला आहे, तिसऱ्या पातळीवर. तिला वाटले, तापात बोलतोय.

“तापच होता,” ती म्हणाली. “पण कबुतरखान्याला कुठे ताप होता?”

आमचा तंत्रज्ञ गेरार्ड म्रिका हा त्रेपन्न वर्षांचा, बुटका, बोटांना कायम स्पिरिटचा वास असलेला माणूस. जुन्या टेप ऐकून त्या कोणत्या यंत्रावर भरल्या हे तो सांगू शकतो, लोकांचे बोलणे मात्र त्याला तीनतीनदा सांगावे लागते. मी त्याला काय हवे ते सांगितले. त्याने संग्रहातली प्रत यंत्रात चढवली. पाच मिनिटे पडद्याच्या कडेला पट्ट्या धावल्या, तो कर्कश किंचाळणारा आवाज झाला, आणि आम्ही एवाल्डच्या खाणीत उतरलो.

प्रत्येक खोलीचे वर्णन एका ओळीचे होते. आम्ही एकेक खोली चालून गेलो आणि मी चौकटीच्या कागदावर ती उतरवत गेले. पहिली पातळी पुरी झाली तेव्हा मी वाल्बुर्गाचा जुना छापील नकाशा मागवला. दुसरी पुरी झाली तेव्हा तो कागदाखाली ठेवून पाहिला. उतरण्याची मोठी विहीर, पंपाची खोली, घोड्यांचा तबेला, वाकडा बोगदा: एक खोली म्हणजे वीस मीटर, कुठेही फरक नाही. एका खेळाची आतली रचना ‘स्वप्नसदृश’ आहे असे मी एका लेखात लिहिले होते. तो याच खेळावरचा लेख. माणसाने ती रचना फीत घेऊन मोजली होती.

तिसऱ्या पातळीवर आम्ही पूर्वेकडे वळलो. वर झ्वीरोवा रस्ता सुरू होतो तिथे, म्हणजे तीन नंबरच्या घराखाली, खोलीचे वर्णन आले:

‘टेबल १४. दर रविवारी. सगळ्यात स्वच्छ कॉपी. गेरार्डला विचारा.’

पुढच्या खोलीत एक फोन नंबर. त्याच्या पुढच्या खोलीत चौदा खेळांची नावे. मग पुन्हा टेबल १४. अशा सोळा खोल्या, तीन नंबरपासून सतरा नंबरपर्यंत, एकेका घराखाली दोन, एका रांगेत.

मी गेरार्डकडे पाहिले. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याऐवजी माझ्या कागदाकडे पाहू लागला.

“तो नंबर आईचा आहे,” तो म्हणाला.

मग त्याने सगळे सांगितले, आणि त्या वेळी मला एकदाही दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही. तो सोळा वर्षांचा होता. बाजारात टेबल मांडणाऱ्या प्रत्येकाची रीत होती की खेळ विकण्याआधी त्यात कुठेतरी आपली खूण घालायची, म्हणजे शेजारच्या टेबलाने तो उचलून विकला तर जगाला कळावे. खूण घालायला मेमरीत जागा लागते. पिरेकच्या खेळात जागा शिल्लक नव्हती. पण तिसऱ्या पातळीवर सोळा खोल्या अशा सापडल्या की ज्यांत वर्णन नव्हते, नुसते आकडे होते. तिथे जाऊन खेळणाऱ्याला काहीच मिळत नव्हते. गेरार्डने आकडे पुसले आणि अक्षराला अक्षर मोजून जाहिरात बसवली. काम इतके सफाईचे झाले की त्याच्या टेबलावरची प्रत शहरभर पसरली आणि मूळ प्रत बाजारातून नाहीशी झाली. आमच्याकडे वेगवेगळ्या पाच माणसांकडून पाच प्रती आल्या होत्या. पाचही जुळल्या. मी त्यांना पाच स्वतंत्र साक्षी मानले. ग्रंथांची पाठचिकित्सा शिकवणारी बाई मी. पाचही साक्षीदार एकाच टेबलावरून उठून आले होते.

“आकडे काय होते?”

“आठवत नाही.”

“शून्य होते का? सगळे सारखे होते?”

“डॉक्टरबाई, मला वाटलं रिकामं आहे,” तो म्हणाला. “रिकामं होतं म्हणून घेतलं.”

मी त्याच्यावर ओरडले नाही. त्याने पुसले आणि मी प्रमाणित केले. दोघांत कोण वरिष्ठ, हे ठरवायला वेळ नव्हता. मी हिल्डाबाईंना फोन करून विचारले, एवाल्डच्या हातची मूळ कॅसेट आहे का.

आहे, त्या म्हणाल्या, त्याच्या टेपरेकॉर्डरसकट. तळघरात.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही झ्वीरोवा रस्त्यावर पोहोचलो. रस्ता नेहमीसारखा दिसत होता, आणि तेच मला सहन होईना. खिडक्यांत पडदे होते, एका उंबऱ्यावर कुणी कोळशाची राख पसरली होती, पाच नंबरपुढे दोन बायका गालिचा झोडपत होत्या. प्रत्येक फटक्याला मी जमिनीकडे बघत होते. गेरार्ड फुटपाथच्या कडेकडेने चालत होता, तेवढ्याने त्याचे वजन कमी होणार असल्यासारखा.

हिल्डाबाई अठ्ठ्याहत्तरच्या, उंच, ताठ. त्यांनी आधी आम्हाला बसवले आणि गाळ तळाशी असलेली कॉफी काचेच्या पेल्यांत दिली. ती न पिता तळघराबद्दल बोलणे त्यांच्या घरात शक्य नव्हते. पेले टेबलाच्या एका बाजूला आपोआप सरकत होते. त्यांनी खाली दुमडलेला रुमाल घातला होता आणि त्याचा उल्लेख केला नाही. गेरार्डने मान खाली घालून जाहिरातीची हकिगत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“म्हणजे तू तो चौदा नंबरच्या टेबलाचा,” त्या म्हणाल्या. “एवाल्डला एका पोराने आणून दाखवली होती ती कॅसेट. दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, अरे, एका खेळापायी? तर म्हणाला, बरंच झालं, देवानेच पुसलं.” त्यांनी गेरार्डला आपादमस्तक न्याहाळले. “देव जरा उंच असेल असं वाटलं होतं.”

गेरार्ड हसला नाही. मीही नाही. त्या मात्र थोड्या हसल्या, आणि मग, पेल्याकडे पाहत, जे सांगायला आम्हाला बसवले होते ते बोलल्या.

“त्यानंतर पस्तीस वर्षं तो माझ्या शेजारी झोपला. पलंग बागेकडच्या भिंतीला कधी लावू दिला नाही, रस्त्याकडेच हवा. मला वाटायचं, त्याला मागचा वारा लागतो.”

तळघराच्या दारावर कार्यालयाची लाल फीत होती. त्यांनी ती भाजी निवडावी तशी सोलून काढली. जिना अकरा पायऱ्यांचा. जिन्याच्या भिंतीवर ती भेग होती. मी ऐकले होते त्यापेक्षा रुंद, माझी करंगळी आत गेली असती. तिच्यावर बोटभर रुंदीची काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, कोपऱ्यात पेन्सिलने तारीख. पट्टी अखंड होती. तिच्याकडे पाहून मला जो दिलासा वाटला तो किती पोकळ आहे हे मला ठाऊक होते, तरी मी तो घेतला.

खाली दिवा नव्हता. वीज कार्यालयाने तोडली होती. गेरार्डने टॉर्च धरला. काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, बटाट्यांची पेटी, खाणकामगारांच्या बँडची एक तुतारी. फरशी एका कोपऱ्याकडे उतरती झाली होती आणि बटाटे त्या कोपऱ्यात जमले होते. त्या कोपऱ्यातून गार हवा येत होती. तळघरात हवा कुठून येते, हे मी विचारले नाही. माझ्या आयुष्यात मी एवढ्या शंका विचारल्या आहेत.

हिल्डाबाई वरून सांगत होत्या: डाव्या हाताला, वरची फळी, हिरवा कपडा गुंडाळलाय. गेरार्ड बरण्यांच्या मागे हात घालून चाचपडत होता. टॉर्च आता मी घेतला होता. फरशीखाली काहीतरी हलले, असे म्हणणे खोटे होईल. हलले नाही. उलट तळव्यांना अगदी स्पष्ट कळत होते की खाली काहीच नाही, आणि ते कळणे हीच खरी भीती होती.

त्याच वेळी जिन्यावर टिक् असा आवाज झाला. नख चहाच्या कपावर आपटावे एवढाच.

हिल्डाबाईंचा आवाज वरून आला, अजिबात न चढलेला. “काच गेली. गेरार्ड, सापडलं असेल तर या वर. नसेल सापडलं तरी या.”

गेरार्डच्या काखेत हिरवे गाठोडे होते. त्या अकरा पायऱ्या आम्ही कशा चढलो ते मला आठवत नाही. पट्टीचे दोन तुकडे मात्र आठवतात, मधे केसाएवढी फट आणि त्या फटीतून दिसणारी वीट. मी हिल्डाबाईंना म्हटले, आमच्यासोबत चला. त्या म्हणाल्या, आधी वाजवून बघा, मग बघू. नुसत्या भीतीने घर सोडलं तर सगळी गल्ली हसेल.

संग्रहात परतल्यावर गेरार्डने गाठोडे उघडले. टेपरेकॉर्डर देशी बनावटीचा, आणि कॅसेटवर एवाल्डच्या नीटस अक्षरात: शिख्ता, मूळ. टेपवरचा तपकिरी थर बोटाला लागत होता. गेरार्ड म्हणाला, एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल की नाही, कोण जाणे.

मी आमचे चांगले यंत्र वापरायला सांगितले, ज्याचे हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, कारखान्याच्या मापाने सरळ बसवलेले आहे. गेरार्डने नकारार्थी मान हलवली. त्या काळी प्रत्येकजण हेडचा स्क्रू स्वतःच्या हाताने पिळत असे, टेप नीट चढावी म्हणून; प्रत्येक घराचा कल निराळा. पिरेकने वाकड्या हेडवर भरली असेल तर आमच्या सरळ हेडवर ती फक्त खरखर ऐकू येईल, आणि तेवढ्यात थर झडून जाईल. वाचायची तर त्याच्याच यंत्रावर, स्क्रूला हात न लावता. पण ते यंत्र पंचवीस वर्षे तळघरात होते. त्याने टेप चावली तर संपले.

त्याने यंत्र उघडले, पट्टा बदलला, रबराची चाके पुसली, आणि कोरी कॅसेट तीन वेळा फिरवून पाहिली. स्क्रूवर लाल रंगाचा एक ठिपका होता, हलला तर कळावे म्हणून एवाल्डने लावलेला. गेरार्डने त्याला बोटही लावले नाही. निर्णय माझ्यावर सोपवून तो खुर्चीत मागे टेकला. चूक झाली तर या पृथ्वीवरची शेवटची प्रत माझ्या शब्दावर नाहीशी होणार होती, आणि झ्वीरोवा रस्त्यावरची चाळीस कुटुंबे एका शिक्क्याच्या भरवशावर उरणार होती.

मी म्हटले, वाजव.

आवाज सुरू झाला. गेरार्ड डोळे मिटून ऐकत होता. पहिला भाग, दुसरा. तिसऱ्या भागात आवाज दोनदा बुडाला, पाण्याखाली गेल्यासारखा, आणि दोन्ही वेळा त्याची बोटे खुर्चीच्या हाताला घट्ट झाली. मग टेप संपली. कॅसेटच्या खिडकीत तपकिरी भुकटीचा लहानसा ढीग साचला होता.

पडद्यावर आकडे आले. दोन ठिकाणी पडताळणीची बेरीज जुळत नव्हती, म्हणजे तिथे टेप चुकीची वाचली गेली होती. तो दीड तास एकेक आकडा तपासत बसला. नऊ नंबरच्या, म्हणजे हिल्डाबाईंच्याच घराखालची एक खोली प्रथम वाचता आली: ‘१७.०३.८७ उंची ४.२ छत २३ भराव ०’.

मी ते पुन्हा वाचले. सतरा मार्चला इथला कोळसा काढला. पोकळीची उंची चार मीटर वीस. जमिनीपासून छत तेवीस मीटर. आणि पोकळी वाळूने भरायची असते, ती भरलेली नाही. खेळणाऱ्यासाठी त्यात काहीच नव्हते, हे गेरार्डचे म्हणणे खरे होते. ते खेळणाऱ्यासाठी लिहिलेलेच नव्हते. सोळाही खोल्यांत तेच, तारखा फक्त पुढे सरकत गेलेल्या: त्या वर्षी खाणीने वार्षिक उद्दिष्ट गाठल्याबद्दल बँड वाजवला होता, आणि उद्दिष्ट गाठले होते ते घरांखालचा राखीव कोळसा उपसून. त्यानंतर भूमापकाला तो तिथेच असल्याचा नकाशा काढायला लावला. त्याने काढला, सही केली, आणि घरी येऊन कॉम्प्युटर सुरू केला. धैर्य याला म्हणावे की भित्रेपणा, यावर मला मत नाही. मत असलेल्या अनेकांना मी ओळखते. त्यांच्या घराखाली कोळसा आहे.

बुधवारी आम्ही कार्यालयात गेलो. इंजिनिअर बोगुमिल सेटनिक यांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मला मूर्ख माणूस अपेक्षित होता. ते मूर्ख नव्हते. त्यांनी आपला पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर आमची सूची होती.

“डॉ. ओतिलिया कांजा, तुम्हीच ना? ‘प्रत संपूर्ण, बदल नाही.’ या संपूर्ण प्रतीत इथे कॅसेटची जाहिरात आहे. आता तुम्ही दुसरी प्रत आणलीत, तिच्यात तारखा आहेत. मी कोणती खरी धरू?”

“ती जाहिरात माझी आहे, साहेब,” गेरार्ड म्हणाला. “नंबर लावून बघा, आई उचलेल.”

“म्हणजे फेरफार करणारा आणि फेरफार शोधणारा एकच. आणि दोघांचा पगार एकाच संस्थेतून.” ते हे खवचटपणे बोलले नाहीत. “डॉक्टरबाई, खेळ हा दस्तऐवज नसतो. माझ्याकडे शिक्का आहे.”

मी त्यांना सांगितले की शिक्क्याचा नकाशाही कुणीतरी लिहिलेला मजकूर असतो, त्यालाही लेखक असतो आणि लेखकाला मालक. दोन्ही मजकुरांखाली एकाच माणसाचे नाव आहे. प्रश्न एवढाच, की तो कुठे भीतीखाली लिहीत होता आणि कुठे नाही. मी हे फार चांगले मांडले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले की छिद्रे पाडून खाली तपासणी करता येईल, निविदा निघाल्यावर, शरद ऋतूत. त्यांनी पेन उचलले, टोपण काढले, पुन्हा लावले आणि पेन कागदांपासून दूर ठेवले. माझा राग तिथे थांबला. निवला नाही, फक्त थंड झाला. हा माणूस जमिनीला घाबरत नव्हता. तो सहीला घाबरत होता, जशी एवाल्डला सही करण्याची भीती वाटली असेल, आणि जशी चार वर्षांपूर्वी सूचीवर सही करताना मला वाटायला हवी होती.

आम्ही उठलो तेव्हा ते खिडकीकडे पाहत म्हणाले, “माझं घर तिथे असतं तर आज मी तिथे झोपलो नसतो. हे मी बोललो नाही.”

हे न बोललेले वाक्य हाच आमच्या हाती आलेला एकमेव सरकारी निर्णय होता. मी तो हिल्डाबाईंना जशाचा तसा सांगितला, आणि सोळा खोल्यांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून दिला, घरांच्या नंबरांसह. त्यांनी चष्मा लावला, नऊ नंबरपुढची ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि कोट चढवला.

त्या एकेका दारावर गेल्या. मी त्यांच्या मागे. त्यांनी कुणालाही समजावले नाही. प्रत्येक घरी तेच: “हे एवाल्डचं अक्षर नाही, पण आकडे त्याचे आहेत. मी चालले. तू तुझं बघ.” पाच नंबरच्या बाईने विचारले, किती दिवसांसाठी. हिल्डाबाई म्हणाल्या, रजया घे. एका म्हाताऱ्याने दार लावून घेतले आणि पाच मिनिटांनी उघडले. त्याच्या हातात सूटकेस आणि पत्नीचा फोटो होता. बातमी घराघरांतून आमच्या पुढे पळत होती. सहा वाजेपर्यंत रस्त्यावर हातगाड्या, मुले, पिंजऱ्यातली कबुतरे आणि एक शिलाई मशीन असे सगळे दिसू लागले. कुणी मोठ्याने बोलत नव्हते. इंजिन सुरू करायलाही लोक घाबरत होते. गाड्या ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत होते.

चर्चने आपले सभागृह उघडून दिले. तिथे गाद्या पडल्या, मोठ्या पातेल्यात झुर, राईच्या पिठाचे आंबट सूप, शिजायला लागले, आणि मला एका कोपऱ्यात टेबल देण्यात आले. लोक रांगेने येऊन आपला नंबर सांगत. मी ओळ वाचून दाखवत असे: तारीख, उंची, छत, भराव शून्य. ऐकून कुणी रडले नाही. एक बाई म्हणाली, मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते, आणि बाजूला झाली. तीन ते सतरा, सगळ्यांचे झाले.

मग एकोणीस नंबरचा माणूस आला. तो बस चालवतो; गणवेशातच होता. त्याच रस्त्याच्या टोकाला त्याचे घर आणि आणखी तीन घरे आहेत, एकवीस, तेवीस, पंचवीस. शेजारी निघाले म्हणून तो विचारायला आला होता. सामान आणले नव्हते.

मी तक्त्यावर बोट ठेवले. सतरा नंबरनंतर काही नव्हते.

“म्हणजे आमच्याखाली कोळसा आहे?” त्याने विचारले. त्याच्या आवाजात आशा होती, आणि मला तिची भीती वाटली.

गेरार्ड माझ्या शेजारी बसला होता. त्यानेच उत्तर दिले, कारण त्याला ते आदल्या दिवशी कळले होते आणि मला सांगायचे धाडस झाले नव्हते. खाणीच्या इतर सगळ्या बाजूंना एवाल्डने भिंत काढली आहे. जिथे बोगदा संपतो तिथे ‘भिंत’ असे लिहिले आहे. पूर्वेला भिंत नाही. सोळाव्या खोलीपाशी कॉम्प्युटरची मेमरी शेवटच्या अक्षरापर्यंत भरली.

“खाण तिथे संपली की नाही, ते आम्हाला ठाऊक नाही,” गेरार्ड म्हणाला. “मेमरी संपली.”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मी विचारले, घरी कोण आहे. तो म्हणाला, सासूबाई, आणि धाकटी झोपलीय.

“उठवा,” मी म्हटले.

तो धावला नाही. दारापर्यंत सावकाश गेला, पाय अलगद उचलून टाकत, आणि बाहेर रस्त्यावर गेल्यावरही तसाच चालत राहिला.